आय५-१२४०० की रायझन ५६००जी? की जुन्याच मशीनला टेकू द्यावा?

विश्रामबागी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या विश्रामबागेत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे करिझ्मा अल्बम आणि आता लोक मागतात म्हणून व्हिडिओपण. मशीन दोन. पहिलं आय५-६५००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. दुसरं चौथ्या पिढीचं आय३, त्यावर पोरगा पासपोर्ट फोटो कापत बसतो, त्याची काही तक्रार नाही.

त्रास पहिल्याचा. फोटोशॉपमध्ये अल्बमची शीट उघडली, पाचसहा फोटो टाकले, दोन मास्क मारले की ब्रश पुढं जातो आणि रेघ मागनं येते. सेव्ह लावून मी खाली चहा पिऊन येतो, तरी पट्टी अर्ध्यावरच असते.

दुकानदारानं दोन कोटेशनं दिली आहेत. एक इंटेलचा प्रोसेसर आय५-१२४००, एच६१० बोर्ड. दुसरं एएमडीचा रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड. दोन्हीत १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). किमतीत फरक किरकोळ. दुकानदार म्हणतो डोळे झाकून इंटेल घ्या. मेहुणा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो एएमडी घ्या, पुढं अपग्रेड होतं. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?

---

खटाटोप

डोळे झाकून फक्त सांगलीची भडंग खावी. बाकी सगळं डोळे उघडून.

---

नवखा_११

५६००जी. त्याचं वेगा ग्राफिक्स १२४०० च्या यूएचडी ७३० पेक्षा कितीतरी पुढं आहे. हॉस्टेलवर मित्राकडं आहे, कार्ड न लावता गेम चालतात. सिनेबेंचचा स्कोअर टाकू का?

---

जुना_जाणता

नवख्या, त्यांना गेम खेळायचा नाही, नवरीच्या शालूचा रंग नीट करायचा आहे. सिनेबेंच म्हणजे एक त्रिमितीय चित्र सगळे कोअर जुंपून रंगवायचं. फोटोशॉपचं बरंचसं काम एकदोन कोअरवरच चालतं, त्यामुळं तो आकडा इथं फारसा उपयोगाचा नाही. मोजायचंच तर प्युगेटबेंचसारखी फोटोशॉपमध्ये चालणारी चाचणी बघ.

दोघांची कुंडली मांडायची तर: दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड. दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, इंटेलवाला जोरात आला की ११७ पर्यंत खातो. एकेका कोअरच्या ताकदीत १२४०० थोडा पुढं. ५६००जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, म्हणजे साध्या ५६०० च्या निम्मी, आणि पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड, एसएसडी जोडायची वाट) तिसऱ्या पिढीचं. पण तुमच्या ४ कोअर ४ थ्रेडच्या ६५०० वरून आलात तर दोन्ही विमानच वाटतील. त्यासाठी मेहुण्याशी भांडू नका.

माझा प्रश्न वेगळा. तुमचं मशीन नेमकं कुठं अडतं हे बघितलंय का?

---

हळदपेठ

हेच लिहायला आलो होतो. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून गाळप कमी आहे असं होत नाही. कधीकधी वजनकाटा एकच असतो. तुमचा वजनकाटा ती हार्डडिस्क आहे असं मला वाटतं.

---

विश्रामबागी

टास्क मॅनेजर लावून बघितला. सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास. डिस्क मात्र शंभर टक्के, हलतच नाही.

---

जुना_जाणता

झालं तर मग. आता जरा हिशेब करू. अल्बमची शीट केवढी करता?

---

विश्रामबागी

१२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय.

---

जुना_जाणता

१०,८०० बाय ३,६०० पिक्सेल. म्हणजे ३ कोटी ८८ लाख पिक्सेल. ८ बिट आरजीबीत प्रत्येकी ३ बाइट धरले तर पूर्ण पानभर पसरलेला एक थर ११७ एमबीच्या जवळ जातो. पारदर्शकता आली की आणखी. असे पंधरा-वीस थर, वर मास्क, वर हिस्टरी. फोटोशॉप मूळ सेटिंगला उपलब्ध रॅमच्या ७० टक्के घेतं. ८ जीबीतलं विंडोज आणि क्रोम वजा करा, उरतं किती? उरलेलं सगळं फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर लिहितं आणि तुमची स्क्रॅच डिस्क म्हणजे तीच फिरणारी हार्डडिस्क, जिच्यावर विंडोजपण आहे.

सलग मोठी फाइल वाचताना हार्डडिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते. बारीकबारीक तुकडे इकडून तिकडून मागितले की एखाद्या एमबीवर येते. साटा एसएसडी सलगला साडेपाचशेच्या आसपास जाते, तुकड्यांमध्ये तर तुलनाच नाही.

फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत जिथं डॉक्युमेंट साइज दिसतो, तिथला बाण दाबा आणि ‘एफिशियन्सी’ निवडा. १०० असेल तर सगळं रॅममध्ये चाललंय. त्याखाली गेला तर स्क्रॅचवर धावाधाव सुरू आहे. काम करताना तो आकडा सांगा, मग प्रोसेसरचं बोलू.

---

बेदाणा

आमच्या तासगावच्या अडतीवर टॅली चालतं त्या मशीनला फक्त एसएसडी टाकली. हिशेबनीस म्हणाले, नवीन कॉम्प्युटर कधी आणला.

---

सॉकेटपुराण

एसएसडी टाका हे मान्य. पण धागा ‘नवीन घेऊ का’ असाही आहे, म्हणून मेहुण्याच्या बाजूनं बोलतो, कारण इथं कुणी बोलत नाही.

माझ्याकडं २०१७ चा बी३५० बोर्ड आहे. तेव्हा त्यावर रायझन ५ १६०० होता. २०२२ मध्ये एएमडीनं जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिका चालवायला मुभा दिली. मी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि ५७००एक्स बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. ६ कोअरचे ८ झाले आणि प्रत्येक कोअर कितीतरी तगडा. इंटेलवाल्यांनी हे करून दाखवावं. विश्रामबागी, तुमच्या ६५०० च्या सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेला, ११५१ पिना आहेत. आठव्या पिढीच्या प्रोसेसरलाही ११५१ च. बसतो का तुमच्या एच११० वर? नाही बसत. पिना मोजून घेतल्या तरी नाही.

---

खटाटोप

बायोस अपडेट करताना लाइट गेली असती तर काय केलं असतंत? आमच्याकडं माधवनगरला ढग नुसते दिसले तरी लाइट जाते.

---

सॉकेटपुराण

यूपीएसवर केलं. आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या कुणालाही मिक्सर लावू दिला नाही.

---

जुना_जाणता

सॉकेटपुराण, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुम्ही वर्गातले पहिले आलेले विद्यार्थी. मी दुकान चालवायचो तेव्हा ‘पुढं अपग्रेड होईल ना?’ हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. नंतर नुसता प्रोसेसर बदलायला परत येणारे हाताच्या बोटांवर. बाकीचे पाच-सात वर्षांनी येतात आणि तोवर रॅमची जात बदललेली असते, बोर्डाचा एखादा स्लॉट गेलेला असतो, मग सगळंच नवीन. अपग्रेडची सोय ही बहुतेकांसाठी फक्त घेताना बरं वाटण्याची सोय.

शिवाय ज्या बी४५० आणि ५६००जीचं कोटेशन आहे, तो एएम४ सॉकेट आता शेवटच्या थांब्यावर आहे. मेहुण्याला अपग्रेडच हवं असेल तर एएम५ म्हणायला पाहिजे होतं. तो २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलंय. पण त्याला डीडीआर५ च लागते, आणि आज रॅमचं नाव काढलं की खिसा दुखतो.

---

सॉकेटपुराण

शेवटचा थांबा असला तरी ५६००जी काढून ५७००एक्स३डी किंवा ५९५०एक्स बसतोच की. इंटेलच्या बाजूलाही १२४०० चा एलजीए१७०० सॉकेट १४ व्या पिढीवर संपला. २०२४ पासून नवीन सॉकेट. म्हणजे दोन्ही गाड्या डेपोतच उभ्या आहेत, माझ्या गाडीच्या नावानं बोंब कशाला?

---

जुना_जाणता

मान्य. एच६१० वर आय७-१४७०० बसेल, पण त्या बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बघता तो तिथं दम टाकत चालेल. आणि १३ व्या-१४ व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांना व्होल्टेजचं दुखणं निघालं होतं. २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. जुना घेतला तर बायोस ताजा आहे का बघूनच. १२४०० ला हे दुखणं नाही.

---

तंबोरा

मी मिरजेत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. इतका वेळ वाचतेय आणि व्हिडिओबद्दल कुणी विचारलंच नाही. विश्रामबागी, कॅमेरा कशात शूट करतो? नुसतं ४के नको, पूर्ण सांगा.

---

विश्रामबागी

मॅडम, सेटिंगमध्ये एच.२६५, ४:२:२, १०-बिट असं आहे. ज्यानं कॅमेरा शिकवला त्यानं सांगितलं यावरच ठेव, रंग चांगले येतात.

---

तंबोरा

रंग येतात, पण एडिटिंगला घाम पण येतो. एच.२६५ म्हणजे घट्ट दाबून ठेवलेला व्हिडिओ, आणि ४:२:२ म्हणजे त्यात रंगाची माहिती जास्त. ही फाइल प्रोसेसरनं नुसत्या बळावर उलगडायची म्हटलं तर टाइमलाइन अडखळते. उलगडायला ग्राफिक्समध्ये वेगळं यंत्र असतं. एच.२६५ च्या ४:२:२ १०-बिट फाइलसाठी ते इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ११ व्या-१२ व्या पिढीपासून आहे. ५६००जीच्या वेगामध्ये नाही, तो ४:२:० पर्यंतच. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये हे २०२५ च्या ५० मालिकेत आलं. म्हणजे गेममध्ये मागं पडणारं यूएचडी ७३० तुमच्या कामात ५६००जीला मागं टाकेल.

आणि आता नीट ऐका. कोटेशनवर १२४०० लिहिलंय की १२४००एफ? एफ असेल तर अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

---

विश्रामबागी

थांबा, बघतो.

---

विश्रामबागी

एफ लिहिलंय. आणि ग्राफिक्स कार्डाची ओळच नाही.

---

खटाटोप

म्हणजे मॉनिटर शोभेला. वर झेंडूचा हार घाला.

---

विश्रामबागी

फोन केला. म्हणतो टायपिंग मिस्टेक. मग म्हणाला, पाहिजे तर एक जुनं कार्ड फुकट टाकून देतो.

---

तंबोरा

जुनं फुकट कार्ड तुमची ४:२:२ उलगडणार नाही. एफ नसलेलाच मागा. आणि तोपर्यंत प्रॉक्सी बनवून एडिट करा, म्हणजे कमी रिझोल्यूशनची नक्कल. रात्री लावून ठेवायची, सकाळी काम सुरू. ६५०० वरसुद्धा निभेल.

---

कृष्णाकाठ

अवांतर आहे, पण मशीन तळमजल्यावर आहे का? ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं गावभागातलं ऑफिस गेलं. कॅबिनेटं माळ्यावर ठेवली होती, म्हटलं एवढं काय येतंय. माळ्यापर्यंत आलं. प्रोसेसर, रॅम धुऊन वाळवून त्यातल्या काही चालल्या. हार्डडिस्कमधली माहिती मात्र काढायला पुण्याला धाडावी लागली, अर्धीच मिळाली. कुठलाही प्रोसेसर घ्या, अल्बमची एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवा.

---

हळदपेठ

पाण्याचं सोडा, धुळीचं बोला. आमच्या पेठेत कॅबिनेट उघडलं की पंखा पिवळा, हीटसिंक पिवळा. एप्रिलमध्ये मशीन आपोआप हळू होतं, लोक म्हणतात व्हायरस. व्हायरस कसला, हळद आहे. थर्मल पेस्ट बदलली, ब्लोअर मारला की पुन्हा पळतं.

---

जुना_जाणता

विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. १९९८ ला इंटेलनं सेलेरॉन ३००ए काढला. ३०० मेगाहर्ट्झचा, ६६ च्या बसवर. बस १०० वर नेली की तोच ४५० वर पळायचा, आणि कितीतरी महाग पेंटियम टूशी बरोबरी करायचा. त्या काळात लोक फक्त एवढंच विचारायचे, ‘पेंटियम आहे ना?’ एएमडीचा के६-२ दाखवला तर नाक मुरडायचे. आज त्यांचीच पोरं रायझनचे स्टिकर बाइकवर लावून फिरतात.

---

नवखा_११

काका, माझ्या बाइकवर स्टिकर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

---

सफरचंदी

कुणीच म्हटलं नाही म्हणून म्हणतो. एम४ मॅक मिनी. भारतात आला तेव्हा किंमत ५९,९०० पासून. १६ जीबी, ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतो, आवाज नाही, विजेचं बिल नाही. दोन्ही कोटेशनं फाडा.

---

सॉकेटपुराण

आणि रॅम वाढवायची झाली तर?

---

सफरचंदी

वाढत नाही. घेतानाच जास्त घ्यायची.

---

विश्रामबागी

मॅक बघितला होता. पण अल्बमचं सॉफ्टवेअर डोंगलवालं आहे, विंडोजवरच चालतं. पोरालाही विंडोजच येतं. आणि २५६ जीबीत माझी दोन लग्नं मावत नाहीत.

---

खटाटोप

सांगलीत दोन लग्नं कशातच मावत नाहीत.

---

बेदाणा

एक मुद्दा राहिला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आठव्यापासून पुढं. म्हणजे एसएसडी टाकून मशीन पळेल, पण सुरक्षेचं काय? आमच्या सीएनं जीएसटीच्या मशीनबाबत ताकीद दिली आहे.

---

जुना_जाणता

चांगली आठवण केली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट ठेवले आहेत, मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी करायची. पळवाटेनं ११ टाकणारे आहेत, मी सांगणार नाही. उद्या एखादा अपडेट अडला तर माझ्या नावानं शिमगा. या मशीनवर बँक, जीएसटी, ईमेल काही करू नका. ते नुसतं अल्बमचं मशीन करा, पेनड्राइव्ह स्कॅन करूनच लावा.

रॅम कुठून घेताय तेपण सांगा. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी कंपन्यांनी माल तिकडं वळवला आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुमारापासून भाव दुपटीच्या पुढं गेले. मायक्रॉननं तर क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. दोन्ही कोटेशनात १६ जीबी एकाच स्टिकमध्ये आहे का दोनात, तेपण विचारा. ५६००जीसारख्या अंगभूत ग्राफिक्सवाल्याला एकच स्टिक दिली तर त्याचा अर्धा जीव तिथंच जातो.

---

नवखा_११

दुसऱ्या मशीनमधली रॅम काढून यात टाकली तर? फुकटात काम.

---

विश्रामबागी

करून बघितलं भाऊ. खाचच जुळत नाही. ती डीडीआर३ निघाली.

---

सॉकेटपुराण

२४० पिना आणि २८८ पिना. ही पिनांची रड फक्त इंटेलची नाही, कबूल.

---

विश्रामबागी

मंडळी, उशिरा लिहितोय, कामात होतो.

आधी एफिशियन्सी. कोरी शीट उघडली तेव्हा १०० दाखवत होता. सहा फोटो आणि मास्क झाले की साठच्या खाली. तिथंच ब्रश अडकायला लागला.

मग दुरुस्तीवाल्याकडनं ८ जीबी डीडीआर४ ची वापरलेली स्टिक घेतली, मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावूनच. दोन्ही स्लॉट भरले. एच११० वर एम.२ (एनव्हीएमई बसवायचा स्लॉट) नव्हतं म्हणून ५०० जीबीची साटा एसएसडी टाकली. विंडोज, फोटोशॉप आणि स्क्रॅच तिच्यावर, जुन्या हार्डडिस्कवर फक्त तयार अल्बम. हिस्टरी ५० होती ती २० केली, फोटोशॉप चालू असताना क्रोम बंद. आता तेच काम करताना एफिशियन्सी नव्वदीच्या खाली क्वचित येते आणि ब्रशबरोबर रेघ चालते. सेव्ह होतंय तोवर चहा मागवायलाही वेळ मिळत नाही. तयार झालेल्या अल्बमची एक कॉपी भावाच्या घरी, कुपवाडला.

व्हिडिओ मात्र अडखळतोच. तिथं प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, डिस्क निवांत. तंबोरा मॅडम म्हणाल्या तसं प्रॉक्सी करून चाललंय.

---

तंबोरा

बरोबर. आता अल्बमचं दुखणं वेगळं आणि व्हिडिओचं वेगळं हे समोर आलं. नवीन मशीन घ्यायचं ते व्हिडिओसाठी, आणि सीझन संपल्यावर. एफ नसलेला १२४००, बी७६० बोर्ड चार स्लॉटवालं, आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीचा, कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नको.

---

सॉकेटपुराण

चार स्लॉट, बी७६०... म्हणजे अपग्रेडची सोय ठेवताय तर!

---

जुना_जाणता

रॅमची. प्रोसेसरची नाही.

---

सॉकेटपुराण

पाच वर्षांनी याच धाग्यावर भेटू.

---

विश्रामबागी

दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवलंय, एफ नको. तो म्हणतो तो १२४००एफ त्यानं मागवूनच ठेवलाय, आता कुणाच्या गळ्यात घालू.

---

नवखा_११

माझ्याकडं ग्राफिक्स कार्ड आहे. किती म्हणतो?